अर्जातील निबंध आणि अर्धे सत्य

गेल्या दिवाळीच्या सुटीत, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, अकलूजचा एक विद्यार्थी माझ्याकडे दोन कागद घेऊन आला. बारावीत शिकणारा, ऊस बागायतदाराचा मुलगा. अमेरिकेतील तीन महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमासाठी तो अर्ज करीत होता. पहिल्या कागदावर त्याने स्वतः लिहिलेला निबंध होता. दुसऱ्या कागदावर तोच निबंध पुण्यातील एका प्रवेश-सल्लागाराने 'दुरुस्त' करून दिलेला होता. दुरुस्तीत भाषा सफाईदार झाली होती, व्याकरणाच्या चुका गेल्या होत्या. मात्र आणखी एक गोष्ट नाहीशी झाली होती. मूळ निबंधात 'शाखा' हा शब्द चार वेळा आला होता. दुरुस्त निबंधात तो एकदाही नव्हता.

"सर, यातला कोणता पाठवू?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

प्रश्न एका मुलाचा असला तरी आज तो आपल्या अनेक घरांच्या उंबरठ्यावर उभा आहे. तालुक्याच्या गावातील मुले परदेशी शिकावयास जाऊ लागली आहेत. भारतातही काही खाजगी विद्यापीठे गुणपत्रिकेबरोबर निबंध मागतात. त्या निबंधात वादग्रस्त ठरू शकेल असा विषय घ्यावा की नाही, आपली श्रद्धा, आपले संस्कार, आपली संघटना यांचा उल्लेख करावा की ते सारे झाकून ठेवावे, हा केवळ प्रवेशतंत्राचा प्रश्न राहत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपण कोणता पहिला धडा देतो, याच्याशी तो निगडित आहे.

हा निबंध म्हणजे काय?

प्रथम हा प्रकार समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या शिक्षणपद्धतीत त्याला जोड नाही. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालये 'कॉमन अ‍ॅप' या सामाईक अर्जाद्वारे प्रवेश देतात. त्यातील मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते. एखाद्या समजुतीला तुम्ही केव्हा प्रश्न विचारला, तसे का वाटले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, अशा आशयाचा एक विषय त्यात पर्याय म्हणून दिलेला असतो. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातील वंशाधारित निकष घटनाबाह्य ठरविले. मात्र अर्जदाराने आपल्या जीवनावर वंशाचा काय परिणाम झाला हे निबंधात लिहिले तर ते विचारात घेण्यास आडकाठी नाही, असे मुख्य न्यायाधीशांनी निकालपत्रात नमूद केले. तेव्हापासून या निबंधाविषयीची चर्चा अधिकच वाढली आहे. इंग्लंडची रीत निराळी आहे. तेथे २०२६ च्या प्रवेशापासून एकसंध निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मागितली जातात, एकूण मर्यादा ४००० अक्षरांची असते आणि भर मुख्यतः निवडलेल्या विषयाच्या अभ्यासावर असतो. तेथे आत्मकथेला फारसा वाव नाही. म्हणजे कोठे काय लिहावे, याचाही विवेक हवाच.

आता आपल्याकडे पाहा. तीन दशके मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्यावर मी हे सांगू शकतो की, आपण मुलांना निबंध लिहावयास शिकवितच नाही; निबंध पाठ करावयास शिकवितो. 'मी पंतप्रधान झालो तर', 'झाडे नष्ट झाली तर', 'माझा आवडता नेता' असे ठरलेले विषय, गाइडमधील ठरलेली वाक्ये आणि शेवटी ठरलेले सुभाषित. मुलाने स्वतःच्या घरातील खरी गोष्ट लिहिली तर गुण कापले जातील, ही भीती आम्ही शिक्षकांनीच त्याच्या मनात घातली. अशा मुलाला एके दिवशी कोणी विचारते की, तू कोण आहेस ते सांग. तेव्हा तो गडबडतो आणि नव्या गाइडकडे धाव घेतो. पूर्वी गाइड छापील होते, आता ते सल्लागाराच्या रूपाने बोलते, इतकाच फरक.

एका कपाची गोष्ट

त्या मुलाच्या मूळ निबंधात काय होते? संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते आणि सदाशिवराव माने विद्यालयाच्या पटांगणावर गोल रिंगण होते, हे वाचकांस ठाऊक आहेच. पालखी पुढे गेल्यावर गावाची स्वच्छता करण्यासाठी शाखेतील मुलांचा एक गट उतरला. त्यात हा मुलगा आणि त्याचा एक मित्र होता. दोघांनी दिवसभर पत्रावळ्या उचलल्या, दुपारी एकाच पत्रावळीवर जेवले. पुढे काही दिवसांनी तो मित्र याच्या घरी आला. आजीने दोघांना चहा दिला. नातवाला नेहमीच्या कपात, आणि मित्राला गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात.

मित्राने चहा प्यायला, कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवला आणि तो निघून गेला. मुलगा काही बोलला नाही. ते न बोलणे त्याला डाचत राहिले. आजी वाईट नव्हती. तिने अनेक वर्षे वारी केली होती, हरिपाठ तिला मुखोद्गत होता. शाखेत मात्र याने कोणाची जात कधी विचारली नव्हती आणि याला कोणी विचारली नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एका घरात त्या बसत नव्हत्या. शेवटी त्याने एक साधी गोष्ट केली. तो रोजचा चहा त्याच कान तुटलेल्या कपातून पिऊ लागला. आजी रागावली, रुसली, मग गप्प झाली. काही आठवड्यांनी तो कप कोनाड्यातून दिसेनासा झाला. मित्र पुन्हा आला तेव्हा सगळे कप सारखे होते. पण आपण पहिल्या दिवशीच का बोललो नाही, या प्रश्नावर त्याचा निबंध संपत होता.

सल्लागाराने काय केले? कप ठेवला, आजी ठेवली, जात ठेवली. किंबहुना जातीविषयी दोन वाक्ये वाढविली. पालखीचे 'स्थानिक उत्सव' केले. शाखेचे 'युवक गट' केले. त्याचे म्हणणे असे की, जातीचा विषय तेथील वाचकाला पटकन कळतो. शाखेचा उल्लेख आला की अर्ज बाजूला पडण्याचा धोका आहे. मुलगा गोंधळून गावातील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याकडे गेला. त्यांनी नेमका उलट सल्ला दिला. शाखा अभिमानाने लिही, वारी लिही, पण कपाची गोष्ट काढून टाक. घरचे उणे परक्याच्या दारात कशाला मांडायचे?

दोघांचाही हेतू चांगला होता. दोघांनीही त्या मुलाच्या सत्याचा अर्धा-अर्धा भाग कापला. एक अर्धे तिकडच्या वाचकाला बोचेल म्हणून, दुसरे अर्धे इकडच्यांना बोचेल म्हणून. परंतु त्या निबंधाचा प्राण या दोन अर्धांच्या सांध्यात होता. शाखा आणि वारी काढली तर त्या मुलाला प्रश्न पडला कशामुळे, हेच कळत नाही. जणू पश्चिमेकडून आलेल्या एखाद्या पुस्तकाने त्याचे डोळे उघडले असा भास होतो. कप काढला तर उरते ते केवळ आत्मस्तुतीचे पत्रक.

आनंदीबाईंचे अर्जपत्र

या प्रसंगी मला डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण झाली. आपल्याकडे त्यांचे चरित्र त्याग आणि अकाली मृत्यूची करुण कथा म्हणून सांगितले जाते. महाविद्यालयीन प्रवेशासाठी अर्ज करणारी एक विद्यार्थिनी म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो.

१८७८ साली गोपाळराव जोशी यांनी कोल्हापूरशी संबंधित अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. पत्नीचे शिक्षण अमेरिकेत व्हावे, यासाठी साहाय्य मिळेल का, अशी विचारणा होती. ख्रिस्ती धर्माचा अंगीकार करावा, अशा आशयाचे उत्तर आले आणि तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मिशनरी नियतकालिकात छापला गेला. वाचणाऱ्याच्या मनासारखे उत्तर लिहिले असते तर मार्ग तेथेच सोपा झाला असता. जोशी दांपत्याने ते केले नाही. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात तो मजकूर आला आणि त्यांनी आपणहून मदतीचा हात पुढे केला. धर्मांतराची अट न घालणारे माणूसही तिकडे होते, हे विसरता कामा नये.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, भारतात शिक्षणाची सोय नाही काय, एकटी का जाते, समाज बहिष्कार घालणार नाही काय, अशा सहा प्रश्नांची उत्तरे त्यांनी त्यात दिली. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच भाषणात स्त्रीच्या शिक्षणाला स्वकीयांकडून होणाऱ्या विरोधालाही त्या सामोऱ्या गेल्या.

त्यानंतर चार महिन्यांनी, जून १८८३ मध्ये, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. वय अठरा. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हे त्यांनी आरंभीच मान्य केले. आपले आप्त आणि आपली जात या सर्वांच्या एकत्रित विरोधाला न जुमानता आपण आलो आहोत, हे लिहिले. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी आपल्याला शिकावयाचे आहे, हेही लिहिले. यात स्वसमाजाची उणीव आहे आणि त्या समाजाविषयीची निष्ठाही आहे. एक लपवून दुसरे मिरविण्याचा मोह त्यांना झाला नाही. प्रवेश मिळाला. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. तीन वर्षे परक्या भूमीत राहूनही विषय आपलाच निवडण्याचा संकोच त्यांना वाटला नाही.

सावरकरांच्या अर्जाचा धडा

दुसरे उदाहरण स्वातंत्र्यवीर सावरकरांचे. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये लंडनहून 'इंडियन सोशॉलॉजिस्ट' सुरू केले आणि भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. सरदारसिंह राणा यांनी देऊ केलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी एक छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची होती. लाभार्थ्याने इंग्रज सरकारची चाकरी करू नये, ही अट होती. १९०६ मध्ये बावीस वर्षांच्या सावरकरांनी तिच्यासाठी अर्ज केला आणि त्यात देशाच्या स्वातंत्र्याचा ध्यास उघडपणे मांडला. शिफारस करणाऱ्यांत लोकमान्य टिळक आणि शिवराम महादेव परांजपे होते. स्वदेशीच्या कार्यापायी या तरुणाने फर्ग्युसन महाविद्यालयाच्या चालकांचा रोष ओढवून घेतला आहे, ही गोष्ट टिळकांनी शिफारसपत्रात लपविली नाही. उलट गुण म्हणून सांगितली.

हे उदाहरण आपल्या व्यासपीठांवरून वारंवार दिले जाते. परंतु त्यातील दोन गोष्टी दुर्लक्षिल्या जातात.

पहिली अशी की, सावरकरांच्या शब्दांमागे कृती उभी होती. १९०५ च्या विजयादशमीला पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, त्याबद्दल त्यांना दहा रुपये दंड झाला, वसतिगृह सोडावे लागले. किंमत आधी मोजली गेली, अर्ज नंतर लिहिला गेला. जो विषय आपण जगलो नाही, तो केवळ लक्ष वेधण्यासाठी उसना घेणे याला धैर्य म्हणत नाहीत.

दुसरी अशी की, श्यामजी समविचारी होते. सावरकरांचा अर्ज ज्याच्या हाती पडणार होता, त्याला स्वातंत्र्याची भाषा प्रिय होती. धोका अर्जात नव्हता. तो अर्जानंतरच्या आयुष्यात होता, आणि ग्रेज इनची परीक्षा उत्तीर्ण होऊनही बॅरिस्टरची सनद नाकारली गेली तेव्हा त्याचा प्रत्यय आला. आनंदीबाईंचे तसे नव्हते. त्यांचे पत्र अनोळखी, अन्यधर्मीय, दूरच्या वाचकासाठी होते. आजच्या आपल्या मुलांची स्थिती सावरकरांपेक्षा आनंदीबाईंच्या जवळची आहे. सभेतील टाळ्यांसाठी लिहिलेली वाक्ये अशा वाचकापुढे उपयोगी पडत नाहीत.

भीती निराधार नाही

सल्लागाराची भीती सर्वस्वी खोटी होती, असे मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये 'डिसमँटलिंग ग्लोबल हिंदुत्व' या नावाची तीन दिवसांची आंतरजालीय परिषद झाली आणि अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या विभागांनी तिला आपले नाव दिले. एखाद्या विचाराची चिकित्सा करणे वेगळे आणि त्याच्या विघटनाची हाक देणाऱ्या परिषदेला विद्यापीठीय विभागांनी आपले नाव देणे वेगळे. त्याच वर्षी फेब्रुवारीत कर्नाटकातील रश्मी सामंत या ऑक्सफर्ड विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदी निवडून आल्या आणि अवघ्या काही दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या समाजमाध्यमांवरील काही जुन्या नोंदी खरोखरच अनुचित होत्या आणि त्यांनी त्याबद्दल क्षमाही मागितली. परंतु त्या वादात त्यांच्या आई-वडिलांची रामभक्ती ओढली गेली, ते कोणत्याही न्यायात बसत नाही. मुलीची चूक मुलीची. देव्हाऱ्याचा तेथे काय संबंध?

दुसरीकडे २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या अर्जातील 'तुम्हाला काय महत्त्वाचे वाटते आणि का' या प्रश्नाच्या उत्तरात एका अमेरिकी विद्यार्थ्याने कृष्णवर्णीयांच्या चळवळीची एकच घोषणा शंभर वेळा लिहिली आणि त्याला प्रवेश मिळाला. बातमी जगभर गाजली. आपल्याकडील कोणी आपली घोषणा शंभर वेळा लिहिली असती तर असेच कौतुक झाले असते काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पण येथेही पूर्ण गोष्ट पाहावी. त्या तरुणाच्या नावावर सामाजिक कामाची मोठी नोंद आधीपासून होती. घोषणेने त्याला प्रवेश दिला, असे समजून तिचे अनुकरण करणारा फसेल. घोषणा कोणाचीही असो, ती विचारांचे काम करू शकत नाही.

तेव्हा निष्कर्ष काय काढावयाचा? पूर्वग्रह आहेत, हे खरे. पण पूर्वग्रह आहेत म्हणून आपणच आपले नाव पुसून टाकले, तर पूर्वग्रह असणाऱ्याचे काम आपण फुकटात करून दिले, असा त्याचा अर्थ होतो. शाखेत जाणारी, वारीत सेवा करणारी हजारो साधी मुले आपली ओळख झाकून अर्ज करणार असतील, तर त्या वाचकापुढे शाखेचे जे चित्र आहे ते बदलणार कोण?

आमचाही अर्धा भाग

आता त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या सल्ल्याकडे वळतो, कारण तो आपल्या घरातला आहे आणि म्हणून अधिक महत्त्वाचा आहे. कपाची गोष्ट परक्यांना सांगू नये, असे त्यांना वाटले. मी त्यांना आदराने विचारू इच्छितो की, ही गोष्ट लपविण्यासारखी आहे ती परक्यांपासून, की कोनाड्यातून काढून टाकण्यासारखी आहे ती आपल्यापासून?

आमच्याच जिल्ह्यातील पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडावीत म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. गुरुजी आमच्या विचारपरंपरेतील नव्हते. म्हणून त्यांचे ऋण कमी होत नाही. ज्या सावरकरांचे नाव आपण घेतो, त्यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये रत्नागिरीचे पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी उघडले गेले. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी 'सामाजिक समता आणि हिंदू संघटन' या विषयावर बोलताना अस्पृश्यतेचा जो निर्भीड निषेध केला, तो बंद खोलीतील बैठकीत नव्हे, जाहीर व्याख्यानमालेत. १९८३ मध्ये सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. हिंदू समाजाच्या दोषांची जाहीर कबुली देणे म्हणजे त्या समाजाशी द्रोह, असे या परंपरेतील कोणीही मानले नाही. मग सतराव्या वर्षी एका मुलाने कृतीने जे केले, ते लिहिण्यास त्याला अटकाव का?

उलट मला असे वाटते की, कपाची गोष्ट लिहिल्यामुळेच शाखेचा उल्लेख विश्वसनीय ठरतो. स्वतःच्या घराची उणीव जो सांगू शकतो, त्याने सांगितलेले घराचे मोठेपण ऐकणाऱ्याला खरे वाटते.

विषय धीट, लेखणी शांत

धीट विषय निवडणे म्हणजे वाचकाशी भांडण काढणे नव्हे. या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी सादर केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात ब्रिटिशांच्या चलनविषयक धोरणावर कठोर टीका होती. परीक्षकांना ती मानवली नाही आणि प्रबंध नव्याने मांडण्यास सांगण्यात आले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. बाबासाहेबांनी मांडणी फिरविली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. कोठे वाकावे आणि कोठे वाकू नये, याचा याहून स्वच्छ वस्तुपाठ कोणता? शब्द बदलता येतात, मांडणी बदलता येते. निष्कर्ष आणि ओळख बदलावयाची नसते.

त्याच न्यायाने मी त्या मुलाला काही सूचना केल्या. 'शाखा' हा शब्द ठेव, पण पहिल्याच ठिकाणी एका वाक्यात सांग की ती मैदानावर रोज तासभर भरते, तेथे खेळ, व्यायाम आणि प्रार्थना होते. वाचणाऱ्याला हे ठाऊक असेलच असे गृहीत धरू नकोस. पालखीला 'स्थानिक उत्सव' म्हणू नकोस. शेकडो वर्षे लाखो माणसे पायी चालत पंढरीला जातात, हे लिही. तुझा विरोध कोणाशी आहे हे सांगण्यात एकही शब्द घालवू नकोस. ६५० शब्दांत तुला तुझे काम सांगावयाचे आहे. आजीला खलनायिका करू नकोस. तिने तो कप स्वतः काढून टाकला, हे श्रेय तिचे आहे. सल्लागाराने वाढविलेली जातीविषयीची दोन वाक्ये काढ, कारण ती तुझी नाहीत. आणि पहिल्या दिवशी तू गप्प राहिलास, हे वाक्य कोणीही सांगितले तरी काढू नकोस. तुझ्या निबंधातील सर्वांत जोखमीचे वाक्य तेच आहे. शाखा किंवा जात याविषयी कोणीही मत देऊ शकतो. आपला भेकडपणा स्वतः सांगावयास मात्र बळ लागते.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाच्या आयुष्यात असे काही घडलेच नसेल, तर वादग्रस्त विषयाचा अट्टहास धरू नका. उसाला पाणी देताना रात्रीच्या विजेची वाट पाहणारा मुलगा त्याविषयी लिहू शकतो. अकलूजच्या घोडेबाजाराविषयी लिहू शकतो. तेही त्याचेच आहे. धोका पत्करणे हे ध्येय नव्हे. खरे लिहिताना धोका आला तर मागे फिरू नये, इतकेच.

मुलाने मूळ निबंध या दुरुस्त्यांसह पाठविला. वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगतो की, तीनपैकी दोन ठिकाणांहून नकार आला आहे. तिसऱ्याचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही. नकार शाखेमुळे आला, गुणांमुळे, आर्थिक साहाय्याच्या मागणीमुळे की केवळ जागा थोड्या आणि अर्जदार अनेक असल्यामुळे, हे कोणी कळवीत नाही. कारण ठाऊक नसताना प्रत्येक नकार अन्यायाच्या खात्यावर मांडण्याची सवय आपण मुलांना लावू नये. त्याने स्वतः ती लावून घेतलेली नाही. "तिसरीकडूनही नाही आले तर पुण्यात शिकेन, सर. पण जे पाठवलंय ते माझंच आहे," असे तो परवा म्हणाला.

सुमारे १६८९ च्या काळात औरंगजेबाची छावणी आमच्या गावी होती, तेव्हा अकलूजचे नाव असदनगर करण्यात आले. त्या काळी हिंदुस्थानात त्याच्याहून बलवान सत्ता नव्हती. फर्मानाने कागदावरचे नाव बदलले; नीरेकाठच्या माणसांनी आपल्या गावाला अकलूज म्हणणे सोडले नाही आणि तेच नाव उरले. आज कोणी फर्मान काढीत नाही. नाव पुसण्याचा सल्ला हितचिंतकाच्या मृदू आवाजात, मुलाच्याच भल्यासाठी म्हणून दिला जातो. म्हणून अर्ज भरावयास बसलेल्या प्रत्येक मुलाच्या शेजारी घरातील एक तरी वडीलधारे माणूस बसलेले असावे. त्याने निबंध लिहून देऊ नये, दुरुस्तही करू नये. एवढेच विचारावे : बाळ, यात तू आहेस ना?